कावेरीअक्का आणि पिल्लाची हाक

कावेरीअक्कांना काहीही विचारलं, तरी त्या लगेच उत्तर देत नसत. "अक्का, कॉफी घेणार?" एवढंच विचारलं तरी आधी त्या तुमच्याकडे नीट बघत, मग एक श्वास जाई आणि मग उत्तर येई, "घेते." नवख्या माणसाला वाटे, बाईंना ऐकू आलं नाही. तो पुन्हा विचारायला तोंड उघडी आणि नेमकं तेव्हाच इकडून उत्तर निघे. फोनवर तर पंचाईतच. पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करून फोन ठेवून देई, आणि अक्का हातातल्या रिसीव्हरकडे बघत म्हणत, "काय माणसं ही! मी बोलणारच होते."

या सवयीचा त्यांना एकाच ठिकाणी फायदा होई, तो म्हणजे रिक्षावाल्यांशी बोलताना. चेन्नईच्या रिक्षात मीटर असतो तो शोभेला. रिक्षावाला तोंडाला येईल तो आकडा सांगतो आणि मग गिऱ्हाइकानं घासाघीस करायची, अशी तिथली रीत. अक्कांना त्यानं आकडा सांगितला की त्या नेहमीसारख्या त्याच्याकडे बघत राहत. तो गडबडून आकडा खाली आणी. अक्का अजून पहिल्याच आकड्यावर. तो आणखी खाली येई. शेवटी अक्का "सरी", म्हणजे ठीक, म्हणून आत बसत आणि मला हळूच सांगत, "मी पहिल्यासच सरी म्हणणार होते. यास फार अवसरं झाली." अवसरं म्हणजे तमिळमध्ये घाई. अक्कांच्या तोंडी हा शब्द दिवसातून कितीदा तरी यायचा, आणि बहुतेक वेळा तो माझ्यासाठी असायचा.

कारण मी पडले कोल्हापूरची. आमच्या घरात आठ माणसं, आणि दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आत आपलं सुरू केलं नाही, तर जेवणं उरकेपर्यंत बोलायची पाळी येत नसे. नव्या शतकाची ती पहिली वर्षं. ह्यांची बदली चेन्नईला रेल्वेच्या कारखान्यात झाली आणि आम्ही अण्णा नगरमध्ये बिऱ्हाड थाटलं. तमिळचा गंध नाही, शेजारी बोलायला कुणी नाही. माझ्या तोंडाला अक्षरशः कुलूप लागलं होतं. प्राणिशास्त्राची एम.एस्सी. पदरात होती, म्हणून एका संशोधन संस्थेतली तात्पुरती जागा बघून अर्ज टाकला आणि मुलाखतीला गेले.

समोर नऊवारी नव्हे, पण नऊवारीच्या तोऱ्यात नेसलेली कांचीपुरम सुती साडी, केसांत मोगऱ्याचा गजरा, नाकात दोन्ही बाजूंना खडे, आणि टेबलावर चिमुकल्या कवटीचं एक मॉडेल. डॉ. कावेरीबाई. माझं आडनाव वाचून त्या मराठीत म्हणाल्या, "वटवाघळांस..."

चेन्नईत मराठी शब्द कानावर पडला आणि माझं कुलूप फुटलं. "नाही मॅडम, मला अजिबात भीती वाटत नाही, आमच्या मामाच्या गावाला वडावर इतकी असायची, आणि लोक म्हणतात केसांत अडकतात, पण ते काही खरं नाही, आणि मी तर..."

बाईंनी एक बोट वर केलं. "उगी, पोरी. मी प्रश्न अजून संपवले नाही. मज विचारायचे होते, वटवाघळांस चिमट्याने अळ्या भरवशील काय?"

मी टेबलावरच्या त्या चिमुकल्या कवटीकडे बघितलं आणि नुसती मान डोलावली.

"हां," त्या म्हणाल्या. "आता विचार करूनट बोलशील. उद्यापासून ये."

त्यांचे पूर्वज कधीकाळी तंजावरला आले ते तिथलेच झाले. त्यांची मराठी ऐकताना मला वाटे, कुणीतरी जुनी बखर तमिळ चालीवर म्हणून दाखवतंय. 'इकडे'ला त्या 'हिंगडे' म्हणत, 'मला'च्या जागी 'मज', 'करून'चं 'करूनट', आणि मध्येच 'अय्यो'. माझी मराठी ऐकून त्याही हसत. "तुमची मराठी बहुत पळते," त्या म्हणायच्या, "पाय कुठे ठेवते तेही दिसत नाही." पहिल्याच आठवड्यात त्यांनी मॅडम म्हणायला बंदी केली. 'अक्का' हा शब्द कोल्हापुरातही चालतो आणि चेन्नईतही, म्हणून आमचा त्यावर समझोता झाला.

त्यांची प्रयोगशाळा इमारतीच्या मागच्या टोकाला होती. तिला कायम वटवाघळांचा उग्र वास यायचा, त्यामुळे त्या बाजूला साहेबलोक फिरकत नसत, आणि अक्कांना तेच हवं होतं. कीटक खाणारी, मुठीत मावतील एवढी छोटी वटवाघळं एका जुन्या देवळाच्या कोठारातून रीतसर परवानगी काढून आणलेली होती. प्रत्येकीला अक्कांनी आपल्या आत्यामावश्यांची नावं दिली होती. सकाळी पिंजऱ्याशी उभ्या राहून त्या विचारत, "काय गे रुक्मिणीआत्या, जेवलीस की?" आणि रुक्मिणीआत्या उलटी लटकून कान हलवी.

अक्का काय शोधत होत्या ते आधी सांगायला हवं. वटवाघळं आवाज करून अंधारात वाट काढतात हे शाळेत शिकलेलं असतं. पण ती एकमेकांशी बोलतातही. पिल्लू चुकलं की आईला हाक मारतं. कोठारात अशी शेकडो पिल्लं एकदम ओरडत असतात, आणि आई मात्र बरोबर आपल्याच पिल्लाकडे जाते. ही हाक आपल्या कानांना सहसा ऐकू येत नाही. टेप हळू चालवली की ऐकू येते. गंजलेली बिजागरी दोनदा कुरकुरावी तसा तो आवाज असतो. अक्कांचं म्हणणं होतं, आईच्या मेंदूत अशा पेशी असणार ज्या सुट्या आवाजाला नाही, तर या अख्ख्या हाकेला उत्तर देतात. तरुणपणी एका सभेत त्यांनी हे बोलून दाखवलं होतं, तेव्हा एक बडे गृहस्थ हसून म्हणाले होते, "बाई, आई झाल्यामुळे तुम्हाला असं वाटतं." अक्कांनी त्यांना तिथल्या तिथे उत्तर दिलं नव्हतं. "अजून देतेच आहे," असं त्या म्हणायच्या.

पण आता ते उत्तर द्यायला फार वेळ उरला नव्हता. वर्षअखेरीला अक्का रिटायर होणार होत्या. त्यांची खोली कॉम्प्युटर विभागाला द्यायची, हे आधीच ठरलं होतं. टेपपट्टी घेऊन माणसं येऊन खिडक्याही मोजून गेली होती. वटवाघळं कोठारात परत सोडायची आणि चाव्या द्यायच्या. "मज एकदा ती फोडणी ऐकायची आहे," अक्का म्हणत. "मग घ्या खोली, लावा तुमची टीव्हीयंत्रं."

फोडणी म्हणजे काय ते सांगते. गुंगी दिलेल्या वटवाघळाच्या मेंदूत केसाहून बारीक तार हलकेच नेऊन ठेवायची. तिथली पेशी जागी झाली की तिच्या विजेचा आवाज स्पीकरमधून यायचा, तडतड, अगदी तेलात मोहरी पडावी तसा. वटवाघळाला सुटा आवाज ऐकवला की थोडी मोहरी तडतडे. म्हणजे पेशी जिवंत, तार ठीक. पण पिल्लाची पूर्ण हाक ऐकवली की स्पीकर मुका. प्रत्येक प्रयोगाआधी अक्का त्या जिवापुढे हात जोडत आणि संध्याकाळी त्याला आपल्या हातानं भरवत. दिवसच्या दिवस आम्ही असे फोडणीची वाट बघत बसलो आणि तेल नुसतंच तापत राहिलं.

आमच्याकडे सेल्वम नावाचे तंत्रज्ञ होते. मशिनं त्यांच्या ताब्यात. काहीही बिघडलं की त्यांचं निदान एकच, "अर्थिंग सरियिल्लै." अर्थिंग बरोबर नाही. स्पीकर मुका राहिला की ते जमिनीत आणखी एक तांब्याची सळई ठोकत. त्या मोसमात इमारतीमागे इतक्या सळया ठोकल्या गेल्या, की माळ्याला तिथे झाडं लावायची सोय उरली नाही. मी तारा बदलल्या, पंखे बंद ठेवले, चेन्नईच्या त्या उकाड्यात घामाच्या धारांत बसले. अक्का मात्र दिवसेंदिवस शांत होत गेल्या. त्यांचा उत्तराआधीचा तो श्वास लांबत चालला होता. त्या थकल्या आहेत हे मला दिसत होतं आणि मला त्याचं फार वाईट वाटे. म्हणून मी जास्तच बोलत सुटे.

असंच एका दुपारी जेवणानंतर मी कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथवर आईला फोन करायला निघाले. अक्काही पाय मोकळे करायला बरोबर आल्या. तेव्हा आईकडे फोन नव्हता. शेजारच्या जोशीकाकूंकडे करायचा, मग काकू आईला हाक मारून आणत. आई कानानं जरा कमी, लाइनवर खरखर, आणि बूथच्या डोक्यावर तो लाल आकड्यांचा मीटर नुसता पळत असतो. त्या दिवशी काकू कामात होत्या, म्हणून तिथं बसलेल्या आईनंच फोन उचलला, आणि मी नेहमीसारखी एका दमात सुरू झाले.

"आई मी बोलतेय बरी आहेस ना आम्ही बरे आहोत ह्यांना सर्दी झाली होती आता ठीक आहे लोणचं पाठवलंस ते मिळालं बरणी फुटली नाही..."

"कोण?" आई म्हणाली. "कोण बोलतंय?"

"अगं मी मीच बोलतेय चेन्नईहून लोणचं मिळालं म्हणतेय..."

"अहो जोशीवहिनी, बघा हो कोण बाई आहे. काही विकतेय वाटतं."

बूथचं दार उघडंच होतं आणि आईचा आवाज म्हणजे काय विचारता, बाहेरच्या फळवाल्यालाही ऐकू जावा असा. अक्का दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी बोट वर केलं. "उगी. आधी हाक मार. मग थांब. मग बोल."

मीटर पळतच होता. मी तोंड मिटलं, श्वास घेतला. म्हटलं, "आई." थांबले. मग म्हटलं, "मी."

"वैशू!" आई तिकडे एवढ्यानं ओरडली, की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला. "अगं मग आधी बोलायचं नाही का! मघापासून कुणी बाई नुसती बडबडतेय इथं!"

मी हसत हसत बाहेर आले तर अक्का जागेवर नव्हत्या. ज्या बाईंना मी कधी झपझप चालताना पाहिलं नव्हतं, त्या रस्त्यानं जवळजवळ धावत होत्या. गजरा सुटून खांद्यावर आला होता. मी मागून पळत गेले. प्रयोगशाळेत पोचले तेव्हा त्या कॉम्प्युटरसमोर उभ्या होत्या आणि पडद्यावर पिल्लाच्या हाकेची आकृती होती. आवाजाच्या दोन गाठी, एकमेकींना चिकटलेल्या.

"वैशाली, हिंगडे ये. ही हाक कोणी साफ केली?"

"मी यायच्या आधीच केलेली होती, अक्का."

त्या थांबल्या. "मी केली," त्या म्हणाल्या.

मग सगळं उलगडलं. मूळ टेपवर दोन आवाजांच्या मध्ये पंख्याची घरघर होती. अक्का म्हणजे स्वच्छतेचा अवतार. त्यांच्या घरी गवारीची एक शीर राहिलेली चालत नसे. त्यांनी ती घरघर कापून काढली आणि दोन टोकं नेटकी जोडून टाकली. घरघर गेली, पण तिच्याबरोबर दोन आवाजांमधला वेळही गेला. पापणी लवायलाही पुरणार नाही एवढीशी जागा ती, पण पिल्लाच्या हाकेत ती होती आणि आमच्या हाकेत नव्हती. आम्ही त्या बिचाऱ्या आत्यामावश्यांना इतके दिवस माझ्यासारखी बडबडणारी कुणी परकी बाई ऐकवत होतो.

मूळ टेप कपाटात होती. अक्कांनी ती जागा मोजली आणि घरघरीऐवजी तेवढीच शांतता मध्ये घातली. दुसऱ्या दिवशी पाळी रुक्मिणीआत्यांची होती. सेल्वम मशिनाशी, मी बटणाशी. अक्कांनी हात जोडले आणि मला मान हलवून खूण केली.

आणि स्पीकरमधून मोहरी अशी तडतडली म्हणता! एकदा नाही, जितक्या वेळा हाक वाजवली तितक्या वेळा. सेल्वम खुर्चीवरून उठून ओरडले, "अर्थिंग सरी आयिडुच्चु!" अर्थिंग बरोबर झालं! शेवटची सळई कामाला आली अशी त्यांची पक्की खात्री होती, आणि अजूनही असेल. मी हसू की रडू अशा अवस्थेत अक्कांकडे बघितलं. नेहमीचा एक श्वास गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. सेल्वम घाबरून पाणी घेऊन आले. मग अक्का म्हणाल्या, "पुन्हा वाजव."

दिवसभर आम्ही ती हाक वाजवली. मधली जागा थोडी कमी केली, की मोहरी थंड. थोडी वाढवली, तरी थंड. पुन्हा होती तेवढी केली, की तडतड. मी विचारलं, एवढीशी पेशी वेळ मोजते तरी कशी? अक्कांच्या घरी हॉलमध्ये मोठा लाकडी झोपाळा होता. संध्याकाळी मला त्यावर बसवून त्या म्हणाल्या, "झोपाळ्यास एक धक्का दिला, तो गेला. तो परत येईपर्यंत हात मागे ठेवायचा. परत आला, नेमका तेव्हा दुसरा धक्का. मग तो उंच जातो. पहिला आवाज पेशीस आधी गप्प करतो. ती गप्प राहते, मग जागी होऊनट उसळते. त्या उसळीवर दुसरा आवाज पडला तर ती बोलते. लवकर आला, ती गप्प आहे. उशिरा आला, ती बसून गेली." मेंदूविषयी पुढे मी पुष्कळ वाचलं, पण मला कळलं ते त्या झोपाळ्यावरच.

निरोपसमारंभात संचालकांनी अक्कांच्या काटेकोरपणाची भरभरून स्तुती केली. मग अक्का बोलायला उठल्या. माईकसमोर उभ्या राहून त्या इतक्या वेळ गप्प राहिल्या की माईकवाला येऊन वायर हलवून गेला. मग त्या इंग्रजीत म्हणाल्या की, माझ्या काटेकोरपणामुळेच माझं एक वर्ष फुकट गेलं. आणि पुढे अख्खी गोष्ट सांगितली, माझ्या आईसकट, लोणच्याच्या बरणीसकट. सभागृह पोट धरून हसत होतं. खाली उतरल्यावर मला त्या मराठीत म्हणाल्या, "जन्मभर मी लोकांस सांगत आले, उगी राहा, जागा सोडा. आणि लेकराच्या हाकेतली जागा मीच कापली. देवास बहुत विनोद कळतो."

वटवाघळं आम्ही त्यांच्या कोठारात सोडली. दिवस मावळत होता. पिशवीचं तोंड उघडलं तशा एकेक आत्या, एकेक मावशी उडून अंधाऱ्या छताकडे गेल्या. वर शेकडोंचा कल्ला चालला असणार. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. अक्का मान वर करून कितीतरी वेळ उभ्या होत्या. "रुक्मिणीआत्यास तिची माणसं भेटली असतील," त्या म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसून रिक्षा बघायला निघाल्या.

पुढे आमचीही बदली झाली. कोल्हापूरला परतून मी शाळेत शिकवायला लागले. निघताना अक्कांनी एवढंच सांगितलं होतं, "वर्गात प्रश्न विचारलीस, की एक श्वास उगी राहा. तुज जमणार नाही. तरी राहा." सुरुवातीला खरंच जमलं नाही. प्रश्नही माझा, उत्तरही माझंच. मग एकदा जीभ दाताखाली धरून थांबले, तर मागच्या बाकावरची, वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी उठून बरोबर उत्तर देती झाली. तेव्हापासून थांबते. दर रविवारी अक्कांना फोन करून आठवड्याचा पाढा वाचून दाखवत असे. माझा दम संपला की पलीकडे तो श्वास ऐकू यायचा, आणि मग, "झाले? आता मुळापासून सांग. हळू."

एका सकाळी त्यांच्या मुलाचा, रघूचा फोन आला. तो घरी तमिळ आणि इंग्रजीच जास्त बोलायचा, पण त्या दिवशी मराठीत बोलला. "वैशालीआँटी, अम्मा गेली. पहाटे. झोपेतच."

मी, जी बोलायची कधी थांबले नाही ती, रिसीव्हर धरून तशीच उभी राहिले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. दुसरं कुणी असतं तर एव्हाना "हॅलो, हॅलो" सुरू झालं असतं, लाइन तुटली म्हणून फोन ठेवला असता. रघूनं तसं काही केलं नाही. पलीकडे त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

शेवटी मी म्हटलं, "रघू... मी आहे."

एक श्वास गेला.

"माहीत आहे, आँटी," तो म्हणाला. "सावकाश. मी थांबलोय."